औषधानं जगली की पाण्यानं? कोबीच्या मुळाशी केलेली आळवणी कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं गेल्या ऑक्टोबरात पाऊण एकर कोबी लावला. लागणीनंतर बारा-पंधरा दिवसांत रोपं दुपारी माना टाकू लागली, काही आडवी झाली. उपटून पाहिलं तर सडक्या मुळाशी पांढऱ्या, बिनपायाच्या बारीक अळ्या. परदेशात कोबीच्या मुळांत शिरणाऱ्या माशीच्या अळीवर कीटकनाशकांच्या चाचण्या घेतात, हे त्याच्या वाचनात आलं होतं. त्यानं दुकानातून दोन औषधं आणली, अर्ध्या रानात एक आणि अर्ध्यात दुसरं असं मुळाशी ओतलं, आणि रोपं सावरली. यंदा तो विचारतो आहे: या दोन्हींतलं खरं चालणारं कोणतं, हे माझ्याच रानात कसं तपासू?

प्रश्न फार चांगला आहे, म्हणून उत्तर लांब देतो. तीसेक वर्षं मी भाजीपाल्यावरच्या किडींचं काम करतोय आणि त्यातली बरीच वर्षं शेतकऱ्यांच्या रानात प्रयोग मांडण्यात गेली आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गेल्या वर्षी तुमची रोपं औषधानं सावरली, हे अजून ठरलेलं नाही. तुम्ही दोन औषधं ओतली, पण औषध न घालता तेवढंच पाणी दिलेली एकही ओळ ठेवली नाहीत. आळवणी म्हणजे औषध कालवलेलं पाणी मुळाशी ओतणं, रोपामागं शंभर मिली. ऑक्टोबर हीटच्या उन्हात, नुकत्या लावलेल्या, मुळं अजून कोकोपीटच्या गोळ्यातच असलेल्या रोपाला थेट बुडाशी शंभर मिली पाणी मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. मग रोप औषधानं जगलं की पाण्यानं?

हे मी अनुभवानं शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मोहोळकडच्या एका रानात आम्ही चार औषधांची आळवणी केली होती. चारही चांगली निघाली. आम्ही खुशीत अहवाल लिहायला घेतला. शेवटच्या दिवशी आळवणी करणाऱ्या बाईंनी सहज सांगितलं की बांधाकडच्या दोन ओळींना औषध पुरलं नव्हतं, रोपं कोरडी कशी ठेवायची म्हणून त्यांनी डब्यानं नुसतं पाणी घातलं होतं. आम्ही परत जाऊन त्या दोन ओळी मोजल्या. बाकीच्या रानाइतकीच रोपं तिथं उभी होती. आमच्या चार औषधांबद्दल आम्हाला काहीच कळलेलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रयोगाचा कागद घेतला की सगळ्यात आधी मी त्यावर ‘नुसतं पाणी’ लिहितो.

आता तुम्ही वाचलेल्या अळीबद्दल. तिकडची ती कीड म्हणजे डेलिया रॅडिकम. माशी आपल्या घरमाशीसारखीच दिसते, पण जरा लहान आणि करड्या रंगाची. कोबी, फ्लॉवर, मुळा, सलगम यांच्या खोडाच्या बुडाशी मातीत ती पांढरी, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची अंडी घालते. काही दिवसांत अळी बाहेर पडते, मुळांत शिरते, तीन-चार आठवडे आतून खाते आणि मग मातीत तपकिरी कोषात जाते. हिवाळा कोषातच काढते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड, ओलसर जमिनींची ही कीड. जमीन तापली की तिची अंडी मरतात. आपल्याकडं सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारी मातीच्या वरच्या थराला हात लावून बघा, म्हणजे ही माशी सोलापुरात का रमणार नाही ते कळेल. आपल्या भागातल्या कोबीच्या किडींच्या यादीत ती येत नाही.

तिकडच्या शास्त्रज्ञांना सतत नव्या चाचण्या का घ्याव्या लागतात, तेही समजून घ्या. आल्ड्रिन, डील्ड्रिन यांसारखी औषधं या अळीवर चालायची. १९५० आणि ६० च्या दशकांत अळी त्यांना दाद देईना. मग ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं आली, क्लोरपायरिफॉसवर बरीच वर्षं निघाली. युरोपीय संघानं २०२० मध्ये क्लोरपायरिफॉसची मंजुरी संपवली. अमेरिकेनं २०२१ मध्ये अन्नपिकांवरची त्याच्या अवशेषांची मुभा काढून घेतली, तो निर्णय २०२३ मध्ये न्यायालयानं फिरवला. एवढ्या अस्थिरतेत तिकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्यांना पर्याय हवाच होता. म्हणून स्पिनोसॅड, सायनट्रॅनिलिप्रोल अशी औषधं लागणीआधी रोपांच्या ट्रेमध्येच ओतून बघायची पद्धत तिथं रुळली. या प्रयोगांतून आपण औषधाचं नाव उचलायचं नाही, प्रयोगाची रीत उचलायची.

औषधाचं नाव का उचलायचं नाही, याला कीड वेगळी असणं हे एकच कारण नाही. जमीनही वेगळी आहे. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर. विहीर-बोअरचं पाणी जड. कार्बामेट गटातली आणि काही ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं अशा अल्कधर्मी पाण्यात लवकर फुटतात, टाकीत कालवून दुपारपर्यंत ठेवली तर आणखी. क्लोरपायरिफॉससारखं औषध चिकणमातीला आणि सेंद्रिय कणांना घट्ट धरून बसतं. जिथं ओतलं तिथून इंचभरही नीट हलत नाही, त्यामुळं ते बुडापासून चार बोटं लांब पडलं तर मुळाला त्याचा उपयोग नाही. आणि एकच औषध त्याच रानात वर्षानुवर्षं पडत राहिलं तर मातीतले जिवाणू ते खायला शिकतात. कार्बोफ्युरानच्या बाबतीत हे अनेक देशांत दिसलं आहे. तिकडच्या वालुकामय, थंड जमिनीत सहा आठवडे टिकलेलं औषध मंगळवेढ्याच्या काळ्या रानात किंवा अक्कलकोट बाजूच्या मुरमाड माळावर किती टिकेल, ते तिथंच बघावं लागतं.

मग तुमच्या मुळाशी दिसलेल्या अळ्या कोणत्या होत्या? इथं मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण बहुतेक चाचण्या इथंच फसतात. कीड ओळखल्याशिवाय केलेली औषधाची चाचणी म्हणजे ताप कशाचा ते न बघता गोळ्या बदलत राहणं.

तुमच्या वर्णनात दोन शब्द महत्त्वाचे आहेत, ‘सडक्या’ आणि ‘बिनपायाच्या’. माशीच्या अळीला पाय नसतात, डोकंही वेगळं दिसत नाही. तोंडाकडं निमुळती आणि मागं बोथट, तांदळाच्या दाण्यासारखी. पण सडलेल्या कुठल्याही ओल्या वस्तूवर माश्या अंडी घालतात. मूळ आधी बुरशीनं किंवा पाणी साचून सडलं आणि अळ्या नंतर आल्या, असं आपल्याकडं वारंवार दिसतं. अशा वेळी अळ्या मारणारं औषध ओतून रोप वाचत नाही, कारण रोप अळ्यांनी मारलेलंच नसतं. कच्चं शेणखत घातलं असेल तर शंका आणखी वाढते. उकिरड्यातून थेट ओढून आणलेल्या, अजून वाफ निघणाऱ्या शेणात माश्यांच्या अळ्या भरपूर असतात, आणि त्या आपण स्वतःच्या हातानं सरीत नेऊन टाकतो.

म्हणून मेलेलं, पूर्ण सडलेलं रोप बघून निदान करू नका. ज्यानं आज पहिल्यांदा दुपारी मान टाकली आहे आणि संध्याकाळी परत उभं राहिलं आहे, असं रोप खुरप्यानं मातीच्या गड्ड्यासकट काढा. बादलीतल्या पाण्यात हलक्या हातानं धुवा. मुळाची साल शाबूत, पांढरी आणि त्यात शिरलेली अळी दिसली, खाल्लेला बोगदा दिसला, तर अळीवर संशय घ्या. मूळ तपकिरी, पिळल्यावर साल सुटून आतली तार हातात येते आणि अळी एकही नाही, तर ती मर किंवा मूळकुज. खोड जमिनीलगत बारीक होऊन काळं, तारेसारखं झालं असेल तर तीही बुरशीच. रोप जमिनीलगत कात्रीनं कापल्यासारखं आडवं पडलं असेल तर रात्री कुरतडणारी अळी. बुडाजवळची माती दोन बोटं उकरा, गुंडाळी करून पडलेली मळकट, तेलकट अळी सापडेल. इंग्रजी ‘सी’सारखी वाकडी, तपकिरी डोक्याची, पुढं सहा पाय असलेली जाड पांढरी अळी म्हणजे हुमणी, ती तुम्ही उसात पाहिलेलीच आहे. मुळावर मातीचं अस्तर आणि आत पोकळी असेल तर वाळवी. आणि अळी बिनपायाची पण काळ्या चकचकीत डोक्याची, अंग जवळपास पारदर्शक, असं असेल तर ती कोकोपीटमध्ये वाढणाऱ्या बारीक काळ्या चिलटाची. ती रोपवाटिकेतूनच तुमच्याबरोबर आली. मुळावर गाठी असतील तर सूत्रकृमी बघा. ज्याला क्लबरूट म्हणतात त्या रोगानंही मुळं सुजतात, पण तो आम्लधर्मी जमिनीत फोफावतो, आपल्या चुनखडीच्या रानात तो मनात शेवटी आणा.

आणखी एक कारण आहे, त्याकडं कुणी बघत नाही. धुतलेलं मूळ सरळ खाली गेलंय की वर दुमडलंय? लागणीच्या वेळी काडीनं भोक पाडून रोप घाईत कोंबलं की मूळ आकड्यासारखं वळतं. असं रोप दहा दिवस हिरवं राहतं आणि पहिल्या कडक दुपारी झोपतं. याला दुकानात औषध नाही.

अळ्या सापडल्याच तर त्यातल्या निम्म्या उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून मग स्पिरिटच्या बाटलीत ठेवा. थेट स्पिरिटमध्ये टाकल्या तर काळ्या पडतात आणि ओळखता येत नाहीत. उरलेल्या निम्म्या थोड्या ओलसर मातीसह आणि मुळाच्या तुकड्यासह काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला जुन्या धोतराचं कापड बांधा. बरणी सावलीत ठेवली तर अळीचा कोष होतो आणि माशी बाहेर येते. माशी हातात आली की ओळख पक्की होते. बाटली आणि बरणी दोन्ही घेऊन खेडच्या किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. मोबाईलवरच्या फोटोवरून मला पंधरापैकी दहा वेळा नक्की सांगता येत नाही.

आता प्रयोगाची मांडणी.

समजा, ओळख पटली आणि अळी खरंच मूळ खात आहे. चार उपचार ठेवा. पहिला, नुसतं पाणी. दुसरा, लागणीआधी ट्रेमध्येच औषध. तिसरा, लागणीनंतर बुडाशी त्याच औषधाची आळवणी. चौथा, कच्च्या शेणखताऐवजी पूर्ण कुजलेलं खत आणि नुसतं पाणी. हा चौथा उपचार मी मुद्दाम घालतो आहे. औषध विरुद्ध औषध अशीच चाचणी घेतली तर उत्तरात नेहमी कुठलं तरी औषधच निघणार. तुमची अडचण उकिरड्यातून येत असेल, तर तो पर्याय मैदानात उतरलाच पाहिजे. तुमच्याकडची दोन औषधं एकमेकांशी तपासायची असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या जागी ती घाला, पण पहिला आणि चौथा हलवू नका.

प्रत्येक उपचार पाच वेळा, म्हणजे वीस वाफे. पाचच का? चार उपचार आणि पाच पुनरावृत्त्या घेतल्या की संख्याशास्त्रात ज्याला त्रुटीचे स्वातंत्र्यांश म्हणतात, म्हणजे योगायोगाचा चढउतार जोखायला हाताशी उरणाऱ्या स्वतंत्र तुलना, ते तीन गुणिले चार, म्हणजे बारा मिळतात. त्याच्याखाली गेलात तर खरा फरकही पकडणं अवघड जातं. वाफा चाळीस रोपांचा करा: पाच ओळी, ओळीत आठ रोपं. कडेची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचं एकेक रोप सोडलं की आत अठरा रोपं उरतात, मोजायची ती अठराच. कडेच्या रोपावर शेजारच्या वाफ्याचं औषध झिरपतं. साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरवर लागण केली तर आठशे रोपांना २१६ चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठ्यांपेक्षा थोडं जास्त रान लागतं. पाऊण एकरातल्या एका कोपऱ्यात हे सहज बसतं. बाकीचं रान नेहमीसारखं करा.

कोपरा निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. ठिबकच्या नळीच्या सुरुवातीला पाणी जास्त, शेवटाला कमी. एका अंगाला उतार, एका अंगाला लिंबाच्या झाडाची सावली, एका अंगाला उकिरडा. म्हणून रानाचे पाच आडवे पट्टे पाडा, असे की एका पट्ट्यातली जमीन, पाणी, सावली साधारण सारखी. प्रत्येक पट्ट्यात चारही उपचार एकेकदा येतील. पट्ट्यात कुठला उपचार कुठं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळ्या चिठ्ठ्या टाका. ‘विहिरीकडून पहिलं पाणी, मग औषध एक, मग औषध दोन’ असं सरळ लावू नका. माझ्या हातून एकदा असं झालं आणि जे औषध विहिरीजवळ होतं तेच श्रेष्ठ ठरलं.

चिठ्ठीवर विश्वास बसत नसेल तर पीक विम्याचे पीक कापणी प्रयोग आठवा. कर्मचारी गावात येऊन सर्वांत चांगलं किंवा सर्वांत वाईट रान निवडत नाहीत, यादीतून यादृच्छिक आकड्यानं निघेल ते रान आणि त्यातला निघेल तो चौकोन कापतात. मनानं निवडलेली जागा फसवते म्हणून ही रीत आली. ती आपल्या देशात बसवण्याचं मोठं काम १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत ज्यांनी केलं, त्यातले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. आपल्याच शेजारच्या माणसानं घालून दिलेली ही शिस्त आपल्या दोन गुंठ्यांत पाळायला काहीच अवघड नाही.

लागणीच्या आदल्या दिवशी ट्रेची आळवणी करा. कप पूर्ण भिजावा, पण खालून गळू नये, गळालं ते वाया आणि मात्राही चुकली. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या उपचाराच्या ट्रेलाही तेवढंच साधं पाणी द्या. तेलकट म्हणजे ईसी प्रकारचं औषध कोवळ्या मुळांना भाजतं, त्यामुळं आधी दहा-बारा रोपांवर तीन दिवस बघून मगच ट्रेला हात लावा. रानातली आळवणी लागणीनंतर दोन-तीन दिवसांत, संध्याकाळी. एका वाफ्याला चाळीस रोपं गुणिले शंभर मिली म्हणजे चार लिटर, पाच वाफ्यांना वीस. वीस लिटरची एक बादली एका उपचाराला बरोबर पुरते. ज्या वाफ्यांना त्या दिवशी औषध नाही, त्या सगळ्यांना त्याच मापानं साधं पाणी. हे चुकवू नका, सगळा प्रयोग यावर उभा आहे. माप, डबा आणि हात वेगळे ठेवा, किंवा आधी साधं पाणी देऊन मग औषधाला लागा.

वाफ्याच्या खुंटीवर औषधाचं नाव लिहू नका, फक्त आकडा लिहा. कोणत्या आकड्याला काय दिलंय ते वहीत, आणि वही घरात. मोजायला घरातल्या ज्याला ते माहीत नाही अशा कुणाला तरी सांगा. महागाचं औषध घातलेला वाफा आपल्या डोळ्यांना आपोआप हिरवा दिसतो, हे मी स्वतःच्या बाबतीतही पाहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी पहिली मोजणी. त्याआधी गेलेली रोपं लागणीच्या धक्क्यानं गेली, ती वेगळी लिहा. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी. नांग्या भरायची, म्हणजे गेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची घाई सगळ्यांनाच असते, आणि त्यातच बहुतेक प्रयोग बुडतात. प्रयोगाच्या वाफ्यात एकविसाव्या दिवसापर्यंत नांगी भरू नका. राहवतच नसेल तर भरलेल्या रोपाला रंगीत दोरा बांधा आणि ते मोजणीत धरू नका. मेलेलं किंवा मरायला टेकलेलं प्रत्येक रोप खणून, धुऊन, कारणासह लिहायचं: कापलं, कुजलं, अळी, वाळवी, मूळ दुमडलेलं. एकविसाव्या दिवशी प्रत्येक वाफ्याच्या कडेच्या ओळीतून, सगळीकडं एकाच जागची, दोन दोन रोपं उपटून मुळं बघा. आणि गड्डे काढल्यावर आतल्या अठरांचे बुंधे खणून काढा. शून्य ते पाच गुण द्या: शून्य म्हणजे मूळ स्वच्छ, एक म्हणजे एखादा ओरखडा, दोन म्हणजे पाव भागापर्यंत खाल्लेलं, तीन अर्ध्यापर्यंत, चार अर्ध्याहून जास्त, पाच म्हणजे मूळ उरलेलंच नाही. रोप वरून ताजंतवानं दिसत असतानाही मुळाला तीन गुण पडतात आणि गड्डा पाव किलोनं कमी भरतो, म्हणून वजनही वाफ्यानिशी लिहा.

आकडे हातात आले की काय करायचं, ते कल्पित आकड्यांनी सांगतो. समजा पाण्याच्या पाच वाफ्यांत मिळून नव्वदपैकी अठरा रोपं अळीनं गेली आणि औषधाच्या पाच वाफ्यांत नव्वदपैकी सहा. अठरातून सहा वजा केले, बारा. बाराला अठरानं भागलं, शंभरनं गुणलं: ६७ टक्के परिणाम. हे सूत्र ॲबटचं, १९२५ पासून कीटकशास्त्रात वापरलं जातं. औषधाच्या दुकानात तुम्हाला असाच आकडा ऐकवतात आणि तो ऐकून माणूस खूश होतो.

आता तेच आकडे पट्ट्यानुसार मांडा. पाण्याच्या वाफ्यात पहिल्या पट्ट्यापासून पाचव्यापर्यंत मेलेली रोपं २, ३, ९, १, ३. औषधाच्या वाफ्यात १, १, २, १, १. फरक १, २, ७, ०, २. बाराच्या फरकातले सात एकट्या तिसऱ्या पट्ट्यातून आले. बाकी चार पट्ट्यांत फरक शून्य ते दोन. सरासरी फरक २.४, त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी योगायोगानं किती डगमगू शकते त्याचं माप, साधारण १.२, दोन्हींचा भागाकार दोनच्या आत-बाहेर. फरक योगायोगाचा नाही असं म्हणायला पाच जोड्यांसाठी हा भागाकार संख्याशास्त्राच्या तक्त्यानुसार निदान २.७८ हवा. म्हणजे ६७ टक्के हा आकडा ऐकायला भरघोस, पण औषध खात्रीनं चाललं असं यावरून म्हणता येत नाही. असं आलं तर तिसऱ्या पट्ट्यातल्या त्या वाफ्यात जाऊन बघा. तिथं पाणी साचतं का, उकिरड्याची पाटी तिथं जास्त पडली का. माझ्या अनुभवात अशा एका वेड्या वाफ्यानं कितीतरी वेळा औषधापेक्षा जास्त शिकवलं आहे. आणि पुढच्या हंगामात प्रयोग पुन्हा करा. एका हंगामावर मी कधीच शिफारस केलेली नाही.

कायद्याचं आणि जिवाचं थोडक्यात, पण गांभीर्यानं. कोबीवर चौकोनी ठिपक्याच्या पतंगासाठी फवारायला मंजूर असलेलं औषध मुळाशी ओतायलाही मंजूर आहे, असं धरू नका. लेबलावर पीक, कीड, मात्रा, वापरायची पद्धत आणि काढणीपूर्वीचे दिवस हे सगळं लिहिलेलं असतं, आणि कीटकनाशक कायदा १९६८ नुसार तेच बंधनकारक आहे. प्रयोगात लेबलाबाहेर काही केलंत तर त्या वाफ्यांचा कोबी बाजारात न्यायचा नाही, घरीही खायचा नाही, जनावरांपुढंही टाकायचा नाही. गावात कुणी हुमणीसाठी ठेवलेली फोरेटची जुनी पिशवी काढून देईल. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे, हात लावू नका. आळवणीत फवारा उडत नाही म्हणून माणसं बिनधास्त होतात, उघड्या हातानं बादली ढवळतात. औषध कातडीतूनही शरीरात जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते अजून विसरण्यासारखं नाही. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि आळवणी करणाऱ्या बाईंनाही तेच. त्यांच्यासाठी हातमोजे आणले नसतील तर त्या दिवशी आळवणी नको.

हुमणी निघाली तर उपचारांच्या यादीत मेटारायझियम बुरशी घ्या. ती कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलाव्यात द्यायची. तिचं काम हळू चालतं, त्यामुळं एकविसाव्या दिवसाच्या मोजणीवर तिला नापास करू नका, गड्डा काढेपर्यंत थांबा. कुरतडणारी अळी निघाली तर संध्याकाळी गवताच्या ओल्या पेंढ्या सरीत ठेवून सकाळी त्याखालच्या अळ्या वेचणं हाही एक उपचार म्हणून मांडा. मर निघाली तर कीटकनाशकांचा हा सगळा प्रयोग बाजूला ठेवा आणि निचरा, ठिबकची वेळ आणि रोपवाटिका यांकडं वळा.

एक शक्यता मात्र आधीच मनाशी धरून ठेवा. यंदा पाण्याच्या वाफ्यांतही नव्वदपैकी एक-दोनच रोपं जातील. मग चारही उपचार सारखेच दिसतील. त्याचा अर्थ चारही उपचार उत्तम असा नाही, आणि सगळे निकामी असाही नाही. कीडच आली नाही, म्हणून प्रयोगानं उत्तर दिलं नाही, एवढंच वहीत लिहायचं. पण गेल्या वर्षीचं कच्चं शेणखत यंदा तुम्ही आधीच बदललं असेल आणि तरीही असं झालं असेल, तर तेही त्याच पानावर, तारखेसह लिहा. लागणीला अजून महिना आहे. आजच उकिरड्यावर जा, खत उकरून आत हात घाला. गरम लागलं, शेणाचा वास आला, पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या, तर त्यातलं थोडं बरणीत भरा आणि कापड बांधा. त्यातून निघणारी माशी आणि रानातल्या अळीतून निघणारी माशी एकच आहे का, हे बघितल्यावरच औषधाच्या दुकानाकडं जायचं की नाही ते ठरवा.